खंड्या आणि पिवळी सायकल

१/ शर्यत कोण जिंकतो? सायकलस्वार, की त्याची सायकल बनवणारा कारखाना? याच प्रश्नापायी १९३० साली टूर द फ्रान्सची सारी घडी बदलण्यात आली. त्या बदलामागे आल्सियाँ या फ्रेंच सायकल कारखान्याचे दांडगे यश होते. हा धागा त्याविषयी.

२/ पॅरिसला लागून असलेल्या न्यूयी येथे एदमाँ जाँती याने हा कारखाना उभारला. आल्सियाँ म्हणजे ग्रीक पुराणकथेतील खंड्या पक्षी. संघाची जर्सीही आकाशी निळी. टूरचा जन्मच मुळी विक्रीसाठी झाला होता. आंरी देग्रांजच्या ‘लोतो’ या वृत्तपत्राने खप वाढवण्यासाठी १९०३ साली ती सुरू केली. सायकल कारखानदारांनी तेच तंत्र उचलले: उत्तम स्वार पगारावर ठेवायचे, त्यांच्या विजयाची जाहिरात करायची आणि सायकली विकायच्या.

३/ १९०९ साली फ्रान्स्वा फाबेर जिंकला आणि पहिले पाचही क्रमांक आल्सियाँकडे गेले. पुढे १९१० मध्ये लापीझ, १९११ मध्ये गारिगू आणि १९१२ मध्ये दफ्रे. सलग चार वर्षे आकाशी जर्सीच विजयी ठरली.

४/ महायुद्धानंतर १९२७ आणि १९२८ साली आल्सियाँच्याच निकोला फ्रान्झने बाजी मारली. १९२८ मध्ये अखेरच्या टप्प्यांत त्याच्या सायकलीची फ्रेम मोडली. एका दुकानातून मिळालेल्या बायकी सायकलवर त्याने सुमारे १०० किलोमीटर अंतर कापले. २८ मिनिटे गमावली, तरीही टूर जिंकली. त्या दिवशी कारखान्याची सायकल हरली होती, माणूस जिंकला होता.

५/ १९२९ साली याच्या नेमके उलट घडले. आल्सियाँचा मॉरिस द वाल आघाडीवर असतानाच आजारी पडला. सहकाऱ्यांनी त्याच्याभोवती कडे करून त्याला पॅरिसपर्यंत पोहोचवले आणि तो विजेता ठरला. आपली शर्यत एका प्रेताने जिंकली, अशा शब्दांत देग्रांज उद्वेगाने बोलल्याचे सांगतात.

६/ १९३० पासून कारखान्यांऐवजी राष्ट्रांचे संघ उतरले. सर्वांना एकसारख्या, कारखान्याचे नाव नसलेल्या पिवळ्या सायकली देण्यात आल्या. स्वारांचा खर्च आता आयोजकांवर आला. तो भागवण्यासाठी शर्यतीपुढे जाहिरातींच्या गाड्यांचा ताफा धावू लागला. त्या वर्षीचा विजेता होता आंद्रे लेदुक. १९२८ साली आल्सियाँसाठी दुसरा आलेला तोच हा लेदुक!

७/ या कथेत देग्रांजला नायक आणि आल्सियाँला खलनायक ठरवणे सोपे आहे. मला ते पटत नाही. कारखान्यांच्या पगारावरच हे स्वार जगत होते. जाहिरातही गेली नाही. सायकलींच्या जागी चॉकलेटची आली. आणि त्या ‘निष्पक्ष’ सायकलीचा पिवळा रंग? ‘लोतो’ पिवळ्या कागदावर छापले जात असे. एक नाव पुसले गेले, त्या जागी दुसऱ्याचा रंग चढला. कारखान्यांचे संघ १९६२ साली परतले. पिवळी जर्सी मात्र आजही आघाडीवीराच्या अंगावर आहे.