आधी आपल्या घरातले मौन

१/ ज्यूंचा नरसंहार आणि चित्रकथा म्हटले की बहुतेकांना आर्ट स्पीगलमन यांचे ‘माउस’ आठवते. १९९२ साली पुलित्झरचा विशेष सन्मान मिळालेली ही कथा छळछावणीतून वाचलेल्या माणसाच्या मुलाने सांगितली आहे. पण ज्या समाजाने तो संहार घडवला, त्या समाजाच्या नातवंडांनी हाती कुंचला घेतला, तर त्यांनी सुरुवात कुठून करावी?

२/ या प्रश्नाने मला बार्बारा येलिन यांच्याकडे नेले. त्यांचा जन्म १९७७ साली म्युनिकमध्ये झाला आणि चित्रकलेचे शिक्षण हॅम्बुर्गमध्ये. आजीच्या निधनानंतर त्यांना तिची पत्रे आणि रोजनिशी सापडली. त्यांच्या आधाराने रचलेली चित्रकादंबरी ‘इर्मिना’ २०१४ साली प्रसिद्ध झाली.

३/ इर्मिना ही १९३४ च्या सुमारास लंडनमध्ये शिकणारी, स्वतंत्र बाण्याची जर्मन तरुणी. ऑक्सफर्डमध्ये शिकणारा, बार्बाडोसहून आलेला कृष्णवर्णीय हॉवर्ड तिचा जिवलग होतो. पुढे ती बर्लिनला परतते आणि एसएसमधील एका वास्तुविशारदाशी विवाह करते. नोव्हेंबर १९३८ मध्ये ज्यूंची दुकाने फुटतात, सिनेगॉग जळतात. ती स्वतः कोणावर हात उगारत नाही. केवळ नजर वळवते.

४/ पुस्तकातील खरा इतिहास मला या नजरेत दिसतो. हुकूमशाहीविषयी आपण वाचतो ते बहुधा हुकूम देणाऱ्यांचे चरित्र असते. पाहूनही न पाहणाऱ्यांची नोंद दफ्तरखान्यात सहसा सापडत नाही, कारण न पाहण्याचा कागद होत नाही. चित्रकाराला मात्र वळलेली मान दाखवता येते.

५/ त्यानंतरची वाट ज्यू आयुष्यांकडे वळली. २०१६ साली दाविद पोलोन्स्की यांच्या सोबतीने येलिन यांनी अभिनेत्री हान्ना मारॉन यांचे चित्रचरित्र साकारले. मारॉन बर्लिनमध्ये जन्मल्या, बालकलाकार म्हणून नावारूपाला आल्या, १९३३ मध्ये कुटुंबासह पॅलेस्टाइनला गेल्या आणि पुढे इस्रायली रंगभूमीच्या श्रेष्ठ अभिनेत्री ठरल्या. त्याच वर्षी येलिन यांना सर्वोत्कृष्ट जर्मन चित्रकथाकार म्हणून ‘माक्स उंड मोरित्स’ पुरस्कार मिळाला.

६/ पुढचे काम सर्वांत अवघड होते. एमी आर्बेल यांचा जन्म १९३७ साली द हेगमध्ये झाला. वेस्टरबोर्क, राव्हेन्सब्रुक आणि बर्गेन-बेल्सेन या तीन छावण्या त्यांनी बालपणीच पाहिल्या. १९४५ साली सुटका झाली, पण आईवडील उरले नव्हते. त्यांच्या आठवणींवरचे येलिन यांचे काम २०२२ च्या ‘बट आय लिव्ह’ या सामूहिक ग्रंथात आले आणि २०२३ मध्ये ‘स्मृतीचा रंग’ अशा अर्थाच्या नावाने स्वतंत्र पुस्तकही झाले.

७/ इतक्या लहान मुलीला तारखा कुठून आठवणार? आठवते ती थंडी, भूक, एखादा चेहरा. मधले काही सापडत नाही. येलिन त्या जागा कल्पनेने भरत नाहीत. पोकळी पोकळीच राहू देतात. शिवाय त्या स्वतःलाही चित्रात दाखवतात: समोर बसून विचारणारी, ऐकणारी. साक्ष आपोआप मिळत नाही, ती दोन माणसांमध्ये घडते, हे वाचकाला सतत दिसत राहते.

८/ मी इतिहासाची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. मौखिक साक्षी हा माझ्या अभ्यासाचा विषय. मुलाखतीचे लिप्यंतर करताना बोलणाऱ्याचे थांबणे मी कंसात ‘विराम’ असे लिहिते आणि पुढे जाते. पद्धत म्हणून ते योग्यच आहे. तरीही येलिन यांची पाने पाहिल्यापासून तो एक शब्द मला फार तोकडा वाटतो. माणूस जिथे थांबतो, तिथेही काहीतरी सांगितले जात असते.

९/ मित्रहो, या कारकिर्दीचा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पीडितांच्या दाराशी जाण्यापूर्वी येलिन यांनी आपल्या आजीचा पत्रव्यवहार उघडला. दुसऱ्याचे दुःख ऐकण्याचा अधिकार जन्माने मिळत नाही आणि जन्माने हिरावलाही जात नाही. आधी आपल्या घरातले मौन वाचावे लागते. आपणही इतिहासात न्याय-अन्यायाचे हिशेब मांडतो, तेव्हा पहिले पान कोणाचे असावे?