गिअर कुठं गेला?

मित्रांनो, मागच्या सेमिस्टरला मेसमध्ये जेवता जेवता एक वाद रंगला. परदेशात कुणीतरी आपल्या जुन्या ऑटोमॅटिक कारला मॅन्युअल गिअरबॉक्स बसवला होता. "त्यात काय एवढं? क्लच टाकला, गिअर टाकला, झालं!" इति आमचे मित्रवर्य. म्हणलं, बाबा रे, टॉर्क कन्व्हर्टर काढायचा, तिथं फ्लायव्हील आणि क्लच बसवायचा, क्रँकच्या टोकाला पायलट बेअरिंग, वर तिसऱ्या पेडलला जागा, प्रोपेलर शाफ्टची लांबी... तुझी डिग्री आधी होईल! सगळे हसले. मी मात्र गप्प झालो. कारण हाच आत्मविश्वास एकदा मलाही नडला होता.

आमचं गाव नेकनूरजवळ, जिल्हा बीड. घरी अण्णांची 1984 ची प्रीमियर पद्मिनी. तिचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. पुढं अखंड बाकडा-सीट, त्यामुळं अण्णा, आई आणि मध्ये आज्जी असे तिघं पुढं बसायचे. आज्जीला मागं बसलं की उलटी व्हायची, म्हणून ती जागा तिची. रिझर्व्हेशनच!

मी सेकंड इयरला होतो. गाडीचा गिअर अडकायला लागला. भर रस्त्यात अण्णा उतरायचे, बॉनेट उघडायचे, हातानं रॉड हलवून गिअर सोडवायचे. मला लाज वाटायची. 2022 च्या दिवाळीत मी जाहीर केलं, "अण्णा, गिअर खाली घेऊ. फ्लोअर शिफ्ट!" शेवटच्या काही पद्मिनींना कंपनीनंच खाली गिअर दिलेला होता. तसला गिअरबॉक्स भंगारातून मिळवला.

गॅरेजवाले चाचा म्हणाले, "बाळा, आधी बुशं बघू की. बॉक्स उतरवायची घाई कशाला?" पण मी नुकताच थिअरी ऑफ मशिन्सचा पेपर देऊन आलेलो. मी कशाला ऐकतो? चाचांनी मान हलवली आणि पाना उचलला. चार दिवस गेले. फ्लोअरला भोक पडलं, माउंटिंग बदललं, बाकडा निघाला आणि दोन सुट्या सीट आल्या. गाडी काय दिसत होती म्हणून सांगू! अण्णा एवढंच म्हणाले, "छान आहे." आज्जी काही न बोलता मागं जाऊन बसली. पदरात लिंबू घेऊन.

आठवड्यानं बीडहून परत येताना मांजरसुंब्याचा घाट लागला. उसाच्या हंगामाचे दिवस, मागं ऊसतोड कामगारांचा भरलेला ट्रॅक्टर. चढावर गाडी दमली, सेकंड टाकायला अण्णांचा हात सवयीनं स्टिअरिंगजवळ गेला. तिथं काहीच नव्हतं! तेवढ्यात गाडी बंद पडली आणि मागं सरकली. अण्णांनी ब्रेक दाबून धरला, मी उडी मारून चाकामागं दगड लावला. ट्रॅक्टरवाल्यानं वेळेत थांबवलं म्हणून बरं. ट्रॉलीत लेकरं होती, बायका होत्या. खाली उतरलेल्या एका बाईनं मला विचारलं, "गाडी नवी हाय का?" मला उत्तर देता आलं नाही.

त्या दिवसानंतर अण्णांनी गाडी चालवली नाही. कुणाला काही बोलले नाहीत. सकाळी नुसती पुसायचे.

2023 च्या उन्हाळ्यात मी चाचांकडं गेलो. त्यांनी जुना गिअरबॉक्स, दांडा, बाकडा सगळं पोत्यात बांधून ठेवलं होतं. "मला माहीत होतं तू येशील," म्हणाले. जुने रॉड टेबलावर ठेवले, तेव्हा मी पहिल्यांदा ते नीट बघितले. दांडा आत-बाहेर केला की गिअरची जोडी निवडायची, वर-खाली केला की गिअर पडायचा. दोन्ही कामं ज्या बुशांवर चालायची, ती झिजून अंडाकृती झालेली. मूठभर बुशं! एवढाच रोग होता. चाचांनी नवी बसवली आणि दांडा लोण्यासारखा चालला. फ्लोअरच्या भोकावर पत्रा मारला.

गाडी घरी आणली. अण्णा बसले, न बघता फर्स्ट टाकला. आज्जी मध्ये बसली, म्हणाली, "आता कसं!"

ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, तेव्हा अण्णांनी पेपरातला फोटो कापून ठेवला. आता सुटीत गाडी मी चालवतो, तेव्हा माझाच हात खाली चाचपडतो आणि अण्णा हसतात.

लिंकेज सोडवताना आपण गिअरबॉक्सपासून दांड्यापर्यंत काढतो आणि थांबतो. त्यापुढं चाळीस वर्षांची सवय असलेला एक हात असतो, तो आकृतीत येत नाही. ज्युनिअर मित्रांनो, प्रोजेक्टला काहीही बदला, पण आधी बिघाड नेमका कुठं आहे ते शोधा आणि ज्याची वस्तू आहे त्याला विचारा. आणि हो, काढलेले पार्ट फेकू नका. सगळ्यांनाच चाचा भेटत नाहीत!