शेजार

हबल दुर्बिणीच्या छायाचित्रांत एसएन १९८७ए या अतिनवताऱ्याच्या (सुपरनोव्हाच्या) अवशेषाभोवतीचं कडं मण्यांच्या माळेसारखं दिसतं आणि नजर त्या मण्यांवरच अडते. स्फोट मधोमध झालेला, झगमगाट मात्र कडेला. १९८७ च्या फेब्रुवारीत मोठ्या मॅगेलनी मेघात हा तारा फुटलेला दिसला. कड्याचा वायू मात्र त्याने सुमारे २०,००० वर्षं आधीच बाहेर टाकला होता. स्फोटाच्या अतिनील प्रकाशाने ते कडं एकदा उजळलं, मग मंदावत गेलं. १९९० च्या दशकाच्या मध्याला धक्कालहर तिथे पोचली आणि वायूच्या दाट गाठी एकेक करून पेटल्या. आतला मलबा तोवर किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या जिवावर मिणमिणत होता. २००१ च्या सुमारास तोही पुन्हा उजळू लागला, कारण कड्याशी झालेल्या टकरीतून निघालेले क्ष-किरण उलटे त्याच्यावर पडू लागले. फुटलेल्या ताऱ्याला उजेड मिळाला तो त्यानेच कधीकाळी टाकून दिलेल्या वायूकडून.

तेव्हा तरुण अवशेषाचं रूप स्फोटाइतकंच, किंबहुना काकणभर जास्त, शेजार ठरवतो, असं मला वाटतं. सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने सुटलेला मलबा निव्वळ पोकळीत विरून जाईल. अडवणारं काही असेल तरच पुढे धक्कालहर तापते आणि मागे मलब्यात उलटी लहर शिरते. यावर कुणी क्रॅब नेब्युला पुढे करील: १०५४ च्या स्फोटाच्या या अवशेषाची बाहेरची धक्कालहर बराच शोध घेऊनही नीट हाती लागलेली नाही, तरी तो लखलखतो. खरं आहे, पण ती ऊर्जा त्याच्या मधोमध सेकंदाला सुमारे ३० वेळा फिरणाऱ्या स्पंदकाची (पल्सारची). असा स्पंदक सगळ्यांच्या नशिबी नसतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कॅसिओपिया ए या अवशेषात ताऱ्याच्या गाभ्यातलं लोह काही ठिकाणी सिलिकॉनच्याही बाहेर गेलेलं आहे, आणि हा वाकडेपणा स्फोटाचाच. तो नाकारण्यात अर्थ नाही. मात्र चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीला ते लोह दिसलं, कारण उलटी लहर त्यावरून जाऊन ते तापलं होतं. जिथे ती पोचलेली नाही, तिथलं लोह त्या चित्रात नाहीच. म्हणून वाकड्या आकाराचं खापर स्फोटावर फोडण्याआधी आजूबाजूचा वायू तपासावा. केपलरने अभ्यासलेल्या १६०४ च्या ताऱ्याचा अवशेष उत्तरेकडे जास्त उजळ आहे, आणि वायूही त्याच बाजूला जास्त दाट आहे.