नंबर बरोबर होता, तरी आई पडली

आज माझीच एक चूक सांगतो.

माझ्या आईचे बरीच वर्षं दोन चष्मे होते. एक बाहेर जायला, दुसरा पोथी वाचायला. त्यातला एक कायम हरवलेला. सत्तरी उलटल्यावर मी हौसेने तिला प्रोग्रेसिव्ह करून दिला. एकाच चष्म्यात सगळं! आठव्या दिवशी ती जिना उतरताना पडली. मनगट मोडलं. "पायरी जवळ आल्यासारखी वाटली रे," एवढंच म्हणाली.

मी नंबर पुन्हा तपासला. अगदी बरोबर होता.

चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग कडक होत जातं, म्हणून जवळचं पाहायला जास्तीचा नंबर लागतो. सुरुवातीला साधारण +१, साठीपर्यंत +२.५ च्या आसपास. प्रोग्रेसिव्ह काचेत हा नंबर वरून खाली हळूहळू वाढतो: वर लांबचं, मध्ये संगणकाचं, तळाला पुस्तकाचं. आता सांगा, जिना उतरताना तुम्ही काचेच्या कुठल्या भागातून पाहता? तळाच्याच. तो भाग ४० सेंटिमीटरवरच्या अक्षरांसाठी आहे. पायरी त्याच्या तिप्पट-चौपट लांब. ती अंधुक आणि सरकलेली दिसते. बायफोकलचंही तेच. पंचेचाळिशीत नंबर कमी असतो, मान खाली करून पाहायची सवय लागते. सत्तरीत पहिल्यांदाच घातला, तर ते जड जातं.

म्हणून दुकानात फ्रेम निवडण्याआधी, दिवसभर काय पाहता आणि किती अंतरावरून, हे सांगा. माझ्याकडे येणाऱ्या एका शिंप्याने महागडा प्रोग्रेसिव्ह घेतला आणि महिन्याभरात जवळच्या साध्या चष्म्यावर परत आला. त्याला समोरचं कापड या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ हवं असतं. प्रोग्रेसिव्हमध्ये कडेला धूसर दिसतंच. तरीही प्रोग्रेसिव्हच हवा असेल, तर फ्रेम तुमच्या नाकावर बसवून बाहुलीसमोर काचेवर खूण करून घेतात ना, ते पाहा. ती न करता बनवलेला चष्मा कितीही भारी असला तरी त्रास देतो.

तुम्ही वर्षानुवर्षं प्रोग्रेसिव्ह वापरत असाल आणि त्रास नसेल, तर तो टाकू नका. जिन्यावर हनुवटी खाली घ्या, कठडा धरा. मात्र घरातल्या वयस्कर माणसाला चालण्यासाठी फक्त लांबच्या नंबरचा चष्मा वेगळा द्या.

आईकडे आता पुन्हा दोन चष्मे आहेत. चालायचा नाकावर. वाचायचा हरवतो, आणि बहुतेक वेळा पोथीतच सापडतो.