खडीचा ढीग

मोडनिंबहून पुण्याला निघालेल्या माणसाला आज चौपदरी रस्ता मिळतो. पूर्वीचा ९ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आता ६५ क्रमांकाचा झाला आहे. मोटारीतल्यांना डांबर दिसते. माझी नजर मात्र जुन्या खोडीने डांबराखाली जाते. १९७२ च्या दुष्काळात मी याच बाजूच्या एका आडरस्त्यावर ओव्हरसिअर होतो.

सरकारी पैशाच्या त्या कामाला दोन धनी होते: एक भूक, दुसरा रस्ता. भुकेला खडी फोडणे पुरे होते. रस्त्याला ती अंथरून दाबणारा रोलर हवा होता, आणि तो नेहमी दुसऱ्याच तालुक्यात असे! म्हणून खडीचे ढीग पुढे कित्येक वर्षे कडेला पडून राहिले.

मजुरी मोजमापावर. एखादा मुकादम ढिगाच्या पोटात मातीचा उंचवटा ठेवी. मी पहार खुपसून पाही. पण पहारीपेक्षा तारीख महत्त्वाची. मोजणी लांबली की मजूर मुकादमाकडून उचल घेई, आणि मग मुकादम म्हणेल तेच माप खरे ठरे.

त्यापूर्वी, १९६५ साली, वि. स. पागे यांच्या पुढाकाराने तासगावात रोजगार हमीचा प्रयोग झाला होता. कायदा झाला १९७७ साली. त्यासाठी १९७५ पासून व्यवसाय कर आला. मुंबईच्या कारकुनाने पगारातून आमच्याकडच्या खडीचे पैसे द्यावेत, ही कल्पना मला अजूनही थोर वाटते. त्या कारकुनाला विचारले असते, तर त्याचे मत कदाचित निराळे पडले असते!

आमच्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. खाली मुरूम हवा, पाण्याला वाट हवी. नकाशात मोरीची जागा आखलेली होती. ओढा कोरडा ठणठणीत. कोणाला काय कळणार? खडी फोडता फोडता एक म्हातारी म्हणाली, "आरं लेकरा, पानी तिथनं न्हाई येत. त्या बाभळीखालनं येतंया."

मी बाभळीपाशी गेलो. मुळांत अडकलेला जुना गाळ तिच्या बाजूने साक्ष देत होता. मोरी हलवायला वरच्या कचेरीला तीन पत्रे लिहावी लागली.

१९७३ साली पाऊस चांगला झाला. ओढ्याला पाणी आले, ते मोरीतून सरळ गेले. मजूर पेरणीला पांगले होते. शेवटच्या आठवड्याची मजुरी मात्र त्यानंतर आली. मी हजेरीपट आणि शाईची डबी घेऊन म्हातारीच्या बांधावर गेलो. तिने पैसे दोनदा मोजले, मग अंगठा पुढे केला.