बारा अंशांचं तळघर

पिंपातली एल, म्हणजे इंग्रजांची जुन्या धाटणीची बिअर, बर्फगार देत नाहीत. ती द्यायची ११ ते १३ अंशांना. त्या गारव्यात आधी भाजल्या धान्याचा गोडवा जिभेवर येतो, मग हॉप्सचा कडवटपणा, आणि घोट उतरून गेल्यावर पिकल्या फळाचा एक मंद वास मागे रेंगाळतो. चार अंशांवर नेली तर यातलं काही उरत नाही, नुसता थंडपणा हाती लागतो. वीस-पंचविसावर ठेवली तर लवकरच आंबते. इंग्लंडमध्ये हा गारवा यंत्रं येण्याच्या कितीतरी आधीपासून जमिनीतच होता; पायऱ्या उतरून खाली गेलं की मिळायचा. आधी पिंपं खाली गेली आणि त्यांच्या मागोमाग माणसं उतरली. तळघरातल्या मद्यगृहाची मला जी ओढ आहे ती एवढ्याचसाठी. कमानी, विटा, मेणबत्त्या छानच, पण ते सगळं नंतरचं.

म्हैसूरला राहायला आल्यावर इथे असं तळघर आहे का, हे मी विचारत होतो. एका व्यापारी इमारतीच्या पोटात एक बार आहे असं कळलं आणि भर पावसात गेलो. पंधरा-वीस पायऱ्या, खाली पिवळा उजेड, भिंतीला विटांच्या फरश्या. काउंटरमागे स्टीलचे केग आणि त्यांना जोडलेला वायूचा सिलिंडर. गव्हाची बिअर घेतली. ती चांगली होती, मनापासून चांगली. पुण्यात डूलालीने २००९ साली आणि बेंगळुरूत टॉइटने २०१० साली सुरुवात केल्यापासून आपल्याकडे छोट्या भट्ट्यांमध्ये फार कसोशीने काम होतंय, आणि ज्यांनी सरकारी परवान्यांच्या चकरा मारून हे उभं केलं त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण त्या खोलीतला गारवा छतावरच्या यंत्राचा होता. भिंतीला हात लावला तर ती कोमट लागली.

काउंटरवरच्या मुलाला मी विचारलं, पिंपात ठेवून हातपंपाने काढायची एल कधी येते का? त्याने ऐकलं नव्हतं. काय असतं सर ते, असं त्याने इतक्या उत्सुकतेने विचारलं की मी नॉटिंगहॅमची गोष्ट सांगायला बसलो.

नॉटिंगहॅमला माझी भाची शिकत होती. मी तिच्याकडे गेलो तेव्हा तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, "मामा, तुला किल्ल्याखाली न्यायचंय." किल्ल्याच्या कड्याला टेकून ‘ये ओल्ड ट्रिप टू जेरुसलेम’ नावाचं मद्यगृह आहे. भिंतीवर ११८९ साल रंगवलेलं आहे. त्याला कागदोपत्री पुरावा नाही, आजची इमारत सतराव्या शतकातली मानतात. पण मागचा खडक खरा आहे, आणि त्यात कोरलेल्या खोल्याही. हे शहर मऊ वालुकाश्मावर वसलंय. साध्या हत्याराने कोरता येतो असा दगड, म्हणून लोकांनी शतकानुशतकं खाली खोदत आठशेहून अधिक गुहा केल्या. कुठे कातडं कमावायचे, कुठे माणसं राहायची, आणि कितीतरी ठिकाणी धान्याला मोड आणायचे. आपल्या घरी मटकी भिजवून फडक्यात बांधतात तसंच ते काम, फक्त जव घेऊन आणि खंडीच्या मापाने. मोड फुटला की दाण्यातला स्टार्च साखरेकडे वळायला लागतो, तेवढ्यात तो भट्टीच्या धगीवर सुकवून थांबवायचा, झाला माल्ट. वर उन्हाळा-हिवाळा बदलत राहतो, खाली हवा वर्षभर सारखी. म्हणून नॉटिंगहॅममध्ये मध्ययुगातही बारमाही माल्ट होऊ शकत होता.

त्या खडकाच्या पोटात पिंपं आडवी मांडलेली असतात. केगमधली बिअर बहुधा गाळून, तापवून, यीस्ट मारून भरतात आणि मग बाहेरच्या वायूच्या दाबाने वर ढकलतात. पिंपातल्या एलमध्ये यीस्ट जिवंत असतं. पिंप तळघरात आल्यावरही ते उरलेली साखर खात राहतं आणि त्यातून जो वायू तयार होतो तेवढाच तिचा फेस. तळघर सांभाळणारा माणूस पिंपाच्या पाठीवरल्या बुचात मऊ लाकडाची खुंटी ठोकतो, तिच्यातून जास्तीचा वायू हळूहळू निघून जातो. कधी मऊ खुंटी काढून कठीण लाकडाची मारायची, म्हणजे आतला वायू आतच राहील, हे तो फेसाकडे बघून ठरवतो. मग तोटी ठोकायची, पण पिंप जागचं हलवायचं नाही, कारण तळाला गाळ बसलेला असतो. एकदा तोटी लागली की तीन-चार दिवसांत संपवायची. जेवढी एल निघते तेवढी हवा आत शिरते, आणि ती हवा पहिल्या दिवशी चव खुलवते, चौथ्या दिवशी मारते.

मला या हिशेबाचं फार अप्रूप वाटतं. ज्या पेयाला असं आयुष्य आहे, जे मंगळवारी एक असतं आणि शुक्रवारी दुसरं, ते पिणाऱ्यालाही वेळेवर यायला लावतं. कोकणातली माडी सकाळची वेगळी आणि संध्याकाळची वेगळी, हे माहीत असलेल्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही. साठच्या दशकात इंग्लंडच्या मोठ्या कंपन्यांनी केगची बिअर सगळीकडे पसरवली आणि ही पिंपं संपत आली. १९७१ साली सुट्टीवर गेलेले चार तरुण इंग्रज आयर्लंडच्या पश्चिम टोकाला डनक्विन गावच्या मद्यगृहात बसले आणि त्यांनी ठरवलं की हे थांबवायचं. त्यांची ‘कॅम्रा’ ही संघटना पुढे लाखाहून अधिक सभासदांची झाली. ‘रिअल एल’ हे नाव रूढ केलं तेही तिनेच. आज तिथे हातपंपाचे लाकडी दांडे टिकून आहेत ते ग्राहकांनी हट्ट धरला म्हणून. असा हट्ट मला आपल्याकडेही हवा आहे.

त्या तळघरात आपल्या किनाऱ्याचाही एक धागा सापडतो. एल नितळ व्हावी म्हणून पिंपात आयसिंग्लास घालतात. ते माशाच्या पोटातल्या वाताशयापासून करतात. यीस्टचे कण त्याला चिकटतात आणि तळाशी बसतात. एकोणिसाव्या शतकात हे वाताशय मुंबईहून वाळवून इंग्लंडला जात. आपल्या कोळी बांधवांचा ‘भोत’ तो हाच. २०२१ साली पालघरच्या मुरबे गावच्या नौकेला दीडशेहून अधिक घोळ मासे मिळाले आणि सव्वा कोटीच्या वर पैसे आले, ते या भोतासाठीच.

एल स्वतःसुद्धा मुंबईला येत असे. लंडनच्या बो भागातल्या हॉजसनच्या भट्टीतून, आणि १८२० च्या दशकापासून बर्टनहून, जास्त हॉप्स घातलेली फिकट एल पिंपांतून आफ्रिकेच्या टोकाच्या केपला वळसा घालून यायची. चार-सहा महिन्यांच्या त्या प्रवासात, दोनदा उष्ण कटिबंध ओलांडताना, यीस्ट पिंपात काम करत राहायचं. पण इथे उतरल्यावर तिला ठेवायला थंड जमीन नव्हती. इंग्रजांनी मग भट्ट्या डोंगरावर नेल्या: कसौली, मरी, निलगिरी. म्हैसूर संस्थानात बेंगळुरूच्या छावणीतही भट्टी निघाली, आणि १९१५ साली थॉमस लीशमन याने दक्षिणेतल्या पाच भट्ट्या एकत्र करून युनायटेड ब्रुअरीज उभी केली. तेव्हा फौजेची बिअर मोठाल्या पिंपांतून बैलगाड्यांवर जाई.

जमीन थोडी खोल गेली की त्या जागेच्या वर्षभराच्या सरासरी तापमानावर येऊन ठरते. इंग्लंडच्या मध्यभागी ती सरासरी दहाच्या आसपास. म्हैसूर समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या वर असलं, इथली हवा सगळ्यांना हवीहवीशी असली, तरी इथली सरासरी २४-२५. कितीही खोदा, बारा अंश लागणार नाहीत. बारमधल्या त्या कोमट भिंतीचं कारण हे.

हे सगळं त्या मुलाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, जमिनीखालचं कोठार आमच्या अज्जाच्या घरापुढे आहे. पण त्यात रागी ठेवायचे." त्याच्या सुट्टीच्या दिवशी हुणसूरच्या बाजूला त्याच्या गावी गेलो.

घरापुढे अंगणात एक चौकोनी दगड होता, इतका सपाट की कुणी सांगितल्याशिवाय कळू नये. त्याच्याखाली हगेवु. म्हणजे आपल्या देशावरचं पेव. तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढं, खाली मडक्यागत रुंद होत गेलेलं. आत आता काही नाही, बरीच वर्षं वापर नाही. अज्जींनी मात्र सगळं सांगितलं. तळाला आणि कडेने पेंढा, मग रागी (आपली नाचणी), वर पुन्हा पेंढा, दगड आणि मातीने लिंपण. दुष्काळाच्या वर्षापर्यंत उघडायचंच नाही. रागीचा दाणा इतका बारीक की किड्याला त्यात घर करता येत नाही, त्यामुळे ती वर्षानुवर्षं टिकते. टिपूच्या पाडावानंतर, १८०० साली कंपनी सरकारने फ्रान्सिस बुखाननला या मुलखाची पाहणी करायला पाठवलं, त्यानेही रागीचे हे खड्डे टिपून ठेवलेत. त्याआधी दशकभर या प्रदेशातून फौजाच फौजा गेल्या होत्या. १७९१ च्या मे महिन्यात श्रीरंगपट्टणहून उपाशी परतणाऱ्या कॉर्नवॉलिसच्या सैन्याला मेलुकोटेजवळ हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या छावणीच्या बाजारातून धान्य मिळालं, ही गोष्ट आपल्या इतिहासात अभिमानाने सांगतात. मला त्या अंगणात उभं राहून आठवण झाली ती ज्यांच्या शेतांतून या सगळ्या फौजा गेल्या त्या कुळांची. दगडाखाली दडवलेलं तेवढंच त्यांचं होतं.

"आणि लगेच उतरायचं नाही," अज्जी म्हणाल्या. "दगड काढून ठेवायचा, मग दोरीला कंदील बांधून सोडायचा. ज्योत मंदावली तर माणूस उतरवायचा नाही." मी दचकलोच. धान्य बंद जागेत श्वास घेत राहतं, कर्बवायू सोडतं, तो हवेपेक्षा जड म्हणून तळाशी साचतो. नॉटिंगहॅमच्या तळघरासारख्या जागांमध्ये आज त्यासाठी भिंतीवर धोक्याची घंटा बसवलेली असते, कारण यीस्टही तोच वायू सोडतं. दोन जमिनी, दोन धान्यं, पण खाली उतरताना सांभाळायचं ते एकच. त्या थंड जमिनीने पेय जपलं, आणि या उबदार जमिनीने दाणा. म्हैसूरच्या तळघरात हे कोरडं, झोपलेलं धान्यच शोभतं, हे मला त्या दिवशी पटलं.

मग अज्जींनी रागी माल्ट करून दिलं. म्हैसूरच्या घराघरांत सकाळी ते असतं: रागीला मोड आणायचे, सावलीत वाळवायचे, मंद भाजून दळायचे, दुधात किंवा ताकात शिजवायचे. आपलं नाचणीसत्त्व. याचा अर्थ या शहराला माल्ट करता येतो, पिढ्यान्‌पिढ्या येतो. भरड धान्यांमध्ये रागीच्या मोडात स्टार्चची साखर करण्याची ताकद खूप चांगली असते. शहरातल्या चेलुवांबा मॅन्शनमध्ये १९५० सालापासून केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे आणि रागीच्या माल्टवर तिथे मोलाचं काम झालेलं आहे. सिक्कीम-नेपाळकडे याच दाण्याची तोंगबा करतात, कोरापुटचे आदिवासी लांदा करतात. दोन्ही जिवंत पेयं. एवढं सगळं असताना म्हैसूरच्या तळघरात ओतली जाते ती दूरच्या जवाची आणि परदेशी गव्हाच्या धाटणीची बिअर, याचं मला वाईट वाटतं.

परतताना बसमध्ये त्या मुलाशी याच विषयावर बोलत होतो. त्याला पुढे भट्टीचं काम शिकायचंय. मी त्याला म्हटलं, शिकलास की एक खोली कर. जमीन देत नाही तर यंत्राने बारा अंशांवर आण, त्यात कमीपणा नाही, फक्त बारावरच ठेव, चारावर नको. जवाच्या माल्टमध्ये रागीचा माल्ट घाल, तुझ्या गावचा. छोटं पिंप घे, इंग्लंडमध्ये नऊ गॅलनचं फर्किन असतं, त्यातून ७२ पाइंट निघतात. शनिवारी तोटी ठोकलीस तर सोमवारपर्यंत संपेल. त्याने विचारलं, "आणि ती नितळ कशी करायची? माशाचं घालून आमच्या इथे चालणार नाही, अज्जी पिणार नाहीत." मी म्हटलं, काही घालू नकोस. गढूळ राहू दे. आंबील गढूळच असते, आणि ती इथे सगळे पितात.