तात्पर्य छापू नकोस

विटा

चि. मनीषा हिस,


पत्र मिळालं. आठवीच्या मुलांकडून भांडण आणि समेट यावर मोबाइलवर फिल्म करून घेणार आहेस, हे वाचून बरं वाटलं. फक्त गोष्टीचा शेवट मला पटला नाही. दोन गट भांडतात, बाई समजावतात, सगळे हात मिळवतात. आपल्याला असाच शेवट हवा असतो हे मुलांना ठाऊक आहे, म्हणून तो ती चटकन लिहून देतात.

मोठ्यांचं तरी काय वेगळं असतं? आपल्या अंजनीचे आर. आर. पाटील गृहमंत्री असताना २००७ मध्ये महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. कोर्टाची पायरी न चढता बांधाचे, वाटणीचे वाद गावातच सुटावेत, ही कल्पना चांगलीच होती. पण मोहिमेला गुण होते, बक्षीस होतं. मिटलेला तंटा मोजता येतो. कोण दबून गप्प बसलं, ते कुठल्या तक्त्यात भरणार? वर्गातल्या समेटालाही हाच धोका आहे.

म्हणून विषय आपल्या येरळा नदीतूनच घे. तुम्ही वडूजकर नदीच्या वरच्या अंगाला, आम्ही खालच्या. खानापूर तालुक्यातल्या बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी १९८०च्या दशकात बळीराजा धरण उभं केलं. ठेकेदार नदीतली वाळू उपसून नेत होते. मुक्ती संघर्ष चळवळीतल्या लोकांनी त्याला हरकत घेतली. थोडी वाळू गावानंच विकायची, त्या पैशातून धरण बांधायचं आणि भूमिहीन कुटुंबांनाही पाण्यात समान वाटा द्यायचा, असा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी ते सरकारशी भांडले. शांततेच्या नावाखाली ते भांडण तेव्हाच मिटवलं असतं, तर धरण झालंच नसतं. पाणी जमीनवाल्याचं की घरटी सगळ्यांचं, यावर मुलांना आधी कडाकडा वाद घालू दे.

फिल्मपेक्षा आवाजाचा कार्यक्रम कर. कॅमेरा समोर आला की माणूस आवरून-सावरून बोलतो. म्हसवडला माणदेशी तरंग हा सामुदायिक रेडिओ आहे. मुलांना एकदा तिथं घेऊन जा. खेड्यातल्या बाईचं बोलणं नीट ध्वनिमुद्रित करून लोकांपर्यंत कसं पोहोचवतात, ते त्यांना कळेल.

सुरुवात शाळेतल्याच एखाद्या वादापासून कर, मैदान कुणाला किती वेळ, असल्या. मुलांच्या घरातले भाऊबंदकीचे वाद मात्र घेऊ नकोस. त्याचा त्रास मुलांनाच होईल. ज्याचं म्हणणं पटत नाही, त्याचीच मुलाखत प्रत्येकानं घ्यायची. कापून-जोडून तयार झालेला भाग आधी त्यालाच ऐकवायचा. ‘हो, मी हेच म्हणालो,’ असं तो म्हणाला, तरच पुढं जायचं. तोवर पुन्हा विचारायचं, पुन्हा कापायचं. आणखी एक गट ठेव. ज्यांना कुणी विचारलंच नाही, त्यांच्याकडे त्यानं जायचं. मैदानाच्या वादात बहुतेक वेळा त्या मुलीच निघतात.

एवढा खटाटोप कशासाठी, असं मुख्याध्यापक विचारतील. त्यांना पुसेसावळीची आठवण दे. सप्टेंबर २०२३ मध्ये तुझ्याच खटाव तालुक्यात समाजमाध्यमांवरच्या आक्षेपार्ह मजकुरावरून जमाव प्रार्थनास्थळावर चालून गेला, एका तरुणाचा जीव गेला आणि जिल्ह्यातलं इंटरनेट बंद करावं लागलं. त्या घटनेचा तपास मुलांनी करायचा नाही. ते पोलिसांचं आणि न्यायालयाचं काम. पण हातात आलेला मजकूर कुणी लिहिला, ज्याच्या नावावर आहे त्यानंच लिहिला का, तो आपल्याकडे का पाठवला गेला, हे विचारायची सवय आठवीत लागू शकते. ज्यानं स्वतः दोन वाक्यं कापून तिसऱ्याचा अर्थ फिरताना पाहिलाय, तो मुलगा असा मजकूर पुढं ढकलण्याआधी थोडा तरी थांबेल.

शेवटी वाद मिटला तर मिटू दे, नाहीतर राहू दे. ‘या मुद्द्यावर आमचं जमलं, या मुद्द्यावर अजून नाही,’ एवढं मुलांनी स्पष्ट सांगितलं की प्रकल्प पुरा झाला असं समज. त्याखाली आपण मोठ्यांनी तात्पर्य मात्र जोडायचं नाही.

पहिला भाग तयार झाला की पाठव. मोठ्या आवाजाचा पाठव, मला हल्ली कमी ऐकू येतं.

तुझी,
आत्या